हद्दूच्या दारी

तगानेत, ६ ऑक्टोबर १९९६

थोरली बहीण लल्ला यम्ना हिला धाकट्या फराजीचा सलाम.

भाऊजींना आणि मुलांनाही सलाम. इकडे सगळे बरे आहेत. विहिरीला पाणी आहे आणि बूजमाकाकांचा गुडघा सोडला तर गावात कुणाची काही तक्रार नाही.

लिहायचं कारण, आपल्याला काम लागलं. आपल्याला म्हणजे मला, काकांना आणि लोखंडी करकबे वाजवणाऱ्या आपल्या पोरांना. रिसानीच्या सी द्रिसनं मोठ्या टेकडीमागे पाहुण्यांसाठी तंबू टाकलेत. आत गालिचे, पितळी दिवे, आणि ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या. रस्त्यावर पाटी लावलीय, 'हद्दूचे तंबू'. हद्दू म्हणजे त्याचा आजा, तुला सांगायला नकोच. पाहुणे उंटांवरून परतले की शेकोटी पेटवायची आणि आपण वाजवायचं. झाऊच्या लाकडानं जाळ धरला की सुरू, ताटं आली की बंद.

मला आधी वाटलं, हे कसलं वाजवणं. पण पहिल्या संध्याकाळी वाळू गार होत होती, जाळ वर चढत होता, आणि मी बाबांची गुंबरी मांडीवर घेऊन तारा छेडल्या, तर ती मंडळी एकदम गप्प झाली. इतकी गप्प तर आपली माणसंही कधी होत नाहीत. गुंबरीला मी नवीन कातडं चढवलंय, उंटाच्या मानेचं. आवाज अगदी पोटातून येतो.

या वर्षी गावातलं एकही पोरगं शहराचं नाव काढत नाही. तुझ्या भावजयीनं घराला नवं दार बसवायचं मनावर घेतलंय. दुवा कर.

तुझा,
फराजी


कासाब्लांका, १९ ऑक्टोबर १९९६

फराजी,

हे पत्र मी स्वतः लिहितेय. आमच्या गल्लीत बायकांचा वर्ग चालतो, तिथे शिकले. आता तुझ्या भाऊजींना विनवण्या करायला नकोत. अक्षराला हसलास तर स्वतःच्या लग्नात तू कसा रडला होतास ते तुझ्या पोरांना कळवीन.

काम लागलं, छान झालं. पण ताटं आली की बंद, हे काय? बाबा असते तर ताटंच बाहेर ताटकळली असती. आणि एखाद्या पाहुणीच्या अंगात आलं तर काय करणार आहेस? ती उठून डोलतेय आणि तिकडे रस्सा निवतोय. उठलेल्या माणसाला वाजवणाऱ्यानं मधे सोडायचं नसतं, हे विसरला नाहीस ना? ज्या चालीवर ती उठली तीच चाल फिरवत राहायची, ती आपणहून खाली बसेपर्यंत. मधेच सोडलं तर ती आजारी पडते आणि दोष गुंबरीच्या माथी. द्रिसला हे आधीच सांगून ठेव, मागाहून कटकट नको.

एका गोष्टीवर मात्र मी शिलाई मशीन थांबवून हसले. हद्दूच्या नातवाच्या अंगणात आपली माणसं म्हणणार काय, तर गुलाम करून आणलेल्यांचं गाणं. बाकीची कडवी सगळ्या गावाची आहेत, पण आजीचं कडवं आपल्या घरचं.

आणलं कुणाला? – सालकाला आणलं.
कुठल्या वाटेनं? – मिठाच्या वाटेनं.
कशाच्या बदली? – मिठाच्या लादीच्या बदली.
कुणाच्या दारी? – हद्दूच्या दारी.

तू विचारतोस आणि काका नि पोरं लोखंड वाजवत उत्तर देतात, तेव्हा द्रिस कुठे बघतो? ते मला सविस्तर लिही. बाबांनी ते कडवं स्वतःच्या आईसाठी घातलं. तिची कबर वाळूनं नेली, कागदावर तर ती कधी नव्हतीच. आता ती तेवढ्या चार ओळींत आहे. म्हणून विचारते.

यम्ना


तगानेत, १० नोव्हेंबर १९९६

लल्ला,

तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. काकांना दाखवलं, तर म्हणाले, ही लहानपणी माझ्या कानाला धरून ओढायची, आता लिहायलाही लागली, म्हणजे संपलंच.

अंगात येण्याची काळजी सोड. आमचे पाहुणे टाळ्या वाजवतात, त्याही भलत्याच ठेक्यावर. काल एक जाडजूड गृहस्थ करकबे मागून घेऊन आमच्यात बसला आणि काकांचं अंगठ्याचं नख फोडलं. काका जाम भडकले, पण गृहस्थानं सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेऊन माफी मागितली, तेव्हा लाजले. असल्या गर्दीत कुणाच्या अंगात कसलं येतंय.

कडव्याचं विचारलंस. सगळं व्यवस्थित चाललंय. द्रिस आमच्याकडे फारसा बघत नाही, त्याला स्वयंपाकाकडे बघावं लागतं.

नवं दार बसलं. निळा रंग दिलाय. तुझी भावजय दिवसातून दहा वेळा उघडते नि लावते.

फराजी


कासाब्लांका, २८ नोव्हेंबर १९९६

फराजी,

मी ज्यांचे कपडे शिवते त्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा सुट्टीत वाळूच्या टेकड्या बघायला गेला होता. येताना त्यानं एका संध्याकाळचं वाजवणं कॅसेटवर भरून आणलं. काल मी बाईंचा झगा मापाला घेऊन गेले, तर त्या कौतुकानं म्हणाल्या, "यम्ना, हे तुमच्या गावचं बरं का." आणि कॅसेट लावली.

तोंडात टाचण्या धरून मी ऐकत होते. काकांचा आवाज ओळखला. आणलेल्यांचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. आजीची पाळी आली आणि तू काही विचारलंच नाहीस. गुंबरी नुसती चालत राहिली, कडव्याची पूर्ण लांबी, आणि माणसाचा आवाज नाही. करकबेसुद्धा दबकत वाजत होते, चोरून घरात शिरल्यासारखे. मग तू पुढच्या कडव्यावर गेलास.

बाई म्हणाल्या, "काय झालं, टाचणी टोचली का?" मी हो म्हटलं.

'सगळं व्यवस्थित चाललंय' असं तू मला लिहिलंस. थोरल्या बहिणीला, ज्या हातानं बाबांची गुंबरी धरतोस त्याच हातानं. विसरलास असं म्हणू नकोस. विसरणारा माणूस जागा मोकळी ठेवत नाही, तो पुढे निघून जातो. तू बरोबर एका बाईची जागा मोजून रिकामी ठेवलीस.

म्हणजे पाटीवर ते नाव हवं, गाण्यात नको. हे कुणी ठरवलं, तू की द्रिसनं? आणि हद्दूचं नाव गाळलंस ते गाळलंस, आजीला कुठे घालवलंस? ती त्याच्या दाराशी बांधलेली होती, म्हणूनच बाबांनी तिला तिथून सोडवून गाण्यात आणलं होतं. तू तिला पुन्हा त्याच दारी नेऊन सोडलंस.

उत्तर दे. आणि दाराच्या रंगाबद्दल लिहू नकोस.

यम्ना


तगानेत, ९ डिसेंबर १९९६

लल्ला,

उत्तर देतो. तूही जरा शांत बसून वाच.

द्रिस आमच्या घरी आला होता. जमिनीवर बसला, चहा घेतला, पोरांना साखर दिली. मग म्हणाला, "फराजी, वाटाड्या पाहुण्यांना गाण्याचा अर्थ सांगत बसतो. काल एका बाईनं पाटीकडे बोट करून विचारलं, हाच का तो हद्दू. मी काय सांगायचं?"

मी म्हटलं, "हाच, म्हणून सांगा."

तो हसला नाही. म्हणाला, "माझा आजा होऊन गेला. मी कुणाला आणलं नाही आणि तुला कुणी आणलं नाही. ते एक कडवं सोड. नाही जमत तर मला दुसरे वाजवणारे बघावे लागतील."

वाईट बोलला असता तर मी तिथल्या तिथे चहाचा पेला परत घेतला असता. पण तो गोड बोलला. गोड बोलणाऱ्याला नाही कसं म्हणायचं ते बाबांनी मला शिकवलं नाही.

तू लिहितेस छान. तिथे तुझी मशीन आहे, डॉक्टरीणबाई आहेत, नळ उघडला की पाणी आहे. तू गेलीस, लल्ला. राहिलो मी. काका राहिले. करकबे वाजवणाऱ्या पोरांच्या घरी या वर्षी पहिल्यांदा हिवाळ्यात मांस शिजतंय. एक कडवं गिळलं म्हणून सहा घरं जेवतायत, तर आजी मला रागावेल असं वाटत नाही. ती स्वतः किती गिळून जगली असेल. जागा मोकळी ठेवली ती मुद्दाम ठेवली. तेवढंच माझ्या हातात होतं. मला वाटलं होतं, ते तरी तुला ऐकू येईल.

फराजी


कासाब्लांका, १८ डिसेंबर १९९६

फराजी,

तुझं पत्र मिळालं. तुझंही खरं आहे. मी यापुढे त्या विषयावर काही लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाई नवीन वर्षाला बाहेरगावी जातायत, त्यांचे कपडे पुरे करायचेत, म्हणून थोडक्यात लिहिते. थंडीत गुंबरीला जप. काकांच्या गुडघ्याला मोहरीचं तेल चोळा.

यम्ना


तगानेत, १२ जानेवारी १९९७

लल्ला,

रोजे सुरू झालेत. मी उपाशीपोटी लिहितोय, तेव्हा भाषा कडू लागली तर समजून घे.

यापुढे त्या विषयावर लिहिणार नाही म्हणालीस, आणि खरंच लिहिलं नाहीस. डॉक्टरीणबाईंच्या मोटारीत बसून सरळ आलीस. वर्षाची शेवटची संध्याकाळ, सगळे तंबू भरलेले, द्रिसनं अख्खी मेंढी भाजायला लावलेली. पाहुण्यांत एक शहरी जेलाबा घातलेली बाई डोक्यावरून शाल ओढून पुढेच गालिच्यावर बसली होती. मी बघितलंही नाही. मला वाटलं, कुणा वकिलाची बायको असेल.

तुला जे दिसलं नाही तेवढं सांगतो, कारण तंबूंकडे तुझी पाठ होती. आजीची जागा आली, मी नेहमीसारखी गुंबरी रिकामी चालवली, आणि तू उठलीस. जोडे काढलेस, शाल तोंडावर ओढलीस आणि जाळासमोर डोलायला लागलीस. काकांनी तुला पहिल्याच पावलाला ओळखलं. माझ्या कानाशी म्हणाले, "आता बस बोंबलत. ही तुला सोडत नाही."

मी चाल फिरवली. पुन्हा फिरवली. पुढच्या कडव्यावर जाता येईना, थांबता येईना. पाहुणे कॅमेरे काढून उभे राहिले. तिकडे मेंढीचं ताट घेऊन चौघं जण तंबूच्या दारात खोळंबले होते आणि द्रिस मला गळ्यावर हात फिरवून बंद कर म्हणत होता. मी मान हलवून तुझ्याकडे दाखवलं. तो आपल्याच मुलखातला, त्यालाही कळतं. तुझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मादाम, जेवण मांडलंय." पैसे भरून आलेल्या पाहुणीला तो आणखी काय म्हणणार.

आणि तू सगळ्या वाळवंटाला ऐकू जाईल अशी ओरडलीस, "पुढचं म्हण, फराजी."

मी फिरवतच राहिलो. तू पुन्हा ओरडलीस. तिसऱ्यांदा ओरडलीस तेव्हा माझं तोंड उघडलं. आणलं कुणाला. आणि लल्ला, पोरांनी असं लोखंड वाजवलं की उंट उठून उभे राहिले. इतके दिवस त्यांच्या पोटातही ते साठलं होतं, मला एकानंही सांगितलं नव्हतं. 'हद्दूच्या दारी' म्हणताना काका गुडघा विसरून उभे होते. तू खाली बसलीस, पाणी मागितलंस, आणि मग मेंढी आत गेली.

पहाटे तुमची मोटार गेलीसुद्धा. मला न भेटता. सकाळी द्रिसनं निरोप पाठवला, उद्यापासून येऊ नका. पोरांतले दोघं सामान बांधतायत, मराकेशला जाणार आहेत.

मी रडगाणं गात नाही. मला एकच विचारायचंय. तुझ्या अंगात खरंच आलं होतं का? की नाटक केलंस? काका म्हणतात, असलं विचारू नये. पण अंगात आल्याचं सोंग करणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. आई तर ते शब्दसुद्धा घरात उच्चारू द्यायची नाही. खरं सांग.

फराजी


कासाब्लांका, २६ जानेवारी १९९७

फराजी,

नाटक केलं.

अंगात काही आलं नव्हतं. डाव्या पायाखाली एक खडा टोचत होता, जाळाची धग तोंडाला लागत होती, आणि मेंढीचा वास येऊन तोंडाला पाणी सुटलं होतं. सगळं कळत होतं मला. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा वाटलं, हा गाढव गाणारच नाही, आणि मी सकाळपर्यंत इथे डोलत राहणार. तेव्हा मात्र भीती वाटली.

पाप आहे हे मला माहीत आहे. त्याची भरपाई मी करीन. ईदनंतर येते आणि आपल्या अंगणात माझ्या खर्चानं रात्रभराचं वाजवणं घालते, अंगात येणाऱ्या सगळ्यांचे रंग, सगळा ऊद, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्यांची नक्कल केली त्यांची माफी मागते. त्यांना जी शिक्षा द्यायची ती देऊ देत. पण आजीसमोर मला माफी मागायची नाही, द्रिससमोर तर नाहीच. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेन, त्या वेळी खडा बघून पाय ठेवीन.

तू म्हणतोस, तू गेलीस, राहिलो मी. खरं आहे. जाणाऱ्याकडे फार थोडं उरतं, म्हणून तेवढ्यावर त्याची पकड घट्ट असते. इथे मला कुणी विचारलं की तू कुणाची, तर मी काय दाखवू? कबर नाही, जमीन नाही, कागद नाही. मी ते कडवं म्हणून दाखवते. माझ्या मुलींना मी ते शिवताना म्हणून दाखवलंय. त्यांनी एक दिवस तुझ्या शेकोटीपाशी येऊन ती रिकामी जागा ऐकायची का?

पोरं मराकेशला गेली, त्याचं मला वाईट वाटतं. ते ओझं मी तुझ्यावर टाकत नाही, माझंच आहे. त्यांना माझा पत्ता दे, कुठे काम मिळतंय का बघते.

आता मी विचारते. अंगात आलेल्या बायका तू पाळण्यापासून बघतोयस. बाबांनी तुला बोटांकडे नाही, उठलेल्या माणसाच्या पायांकडे बघून वाजवायला शिकवलं. तू माझे पाय बघत होतास, शालीच्या फटीतून मला दिसत होतं. मग तुला कळलं नाही? खरं सांग.

यम्ना


तगानेत, २० मार्च १९९७

लल्ला,

तू रात्र घालून गेलीस त्याला महिना होत आला, तरी तुझी भावजय अजून शेजाऱ्यांना तीच सांगतेय. त्या गडबडीत तू मला पुन्हा विचारलं नाहीस आणि मीही बोललो नाही. आता लिहितो.

कळलं होतं. पहिल्याच फेऱ्याला कळलं होतं. जिच्या अंगात येतं ती जोडे भिरकावून देते. तू ते काढून, वाळू झटकून, जोडीनं गालिच्याच्या कडेला लावून ठेवलेस. हसू दाबताना माझी एक तार चुकली. हवं असतं तर मी चाल मोडून द्रिसच्या ताटांना वाट करून दिली असती, आणि तू तिथे उभीच्या उभी उघडी पडली असतीस. मी फिरवत राहिलो. मलाही बहाणा हवा होता, आणि तू तो कासाब्लांकाहून उचलून आणला होतास. तेव्हा ते पाप अर्धं माझं आहे. पुढच्या रात्रीचा ऊद माझ्याकडून.

आता दुसरी गोष्ट. हे वाचायच्या आधी मशीन थांबव.

डॉक्टरीणबाईंच्या मुलानं त्या संध्याकाळीही कॅसेट भरली होती, ठाऊक आहे ना? परत जाताना तुमच्या गाडीवाल्यानं ती एका रात्रीपुरती मागून घेतली. त्याचा भाऊ रिसानीच्या बाजारात कॅसेटी विकतो. आता ती प्रत्येक चहाच्या टपरीवर वाजते.

द्रिसनं आमच्याऐवजी दूरच्या गावातली नवी मंडळी आणलीत. चांगली पोरं आहेत, ठेक्याला पक्की, पण आपल्याकडची गाणी त्यांना येत नाहीत. मग त्यांनी काय केलं, बाजारातून ती कॅसेट घेतली आणि महिनाभर बसून पाठ केली. अर्थ कुणी कुणाला विचारला नाही. आपल्या गाण्यांतले निम्मे शब्द वाळवंटापलीकडचे, ते आपल्यालाही कळत नाहीत, जसे ऐकले तसेच म्हणायचे असतात. त्यांनीही तेच केलं.

परवा त्यांची पहिली संध्याकाळ होती. वारा टेकडीकडून गावाकडे होता. काका, मी आणि उरलेली पोरं आमच्या अंगणात छोटी शेकोटी करून बसलो होतो. हल्ली एखादा पाहुणा चालत आमच्याकडेही येतो, आला तर चहा मिळतो, नाही आला तर आमचं आम्ही वाजवतो. तिकडून करकबे ऐकू आले. मग आणलेल्यांचं गाणं. आम्ही आमचं वाजवणं थांबवलं. आजीची जागा आली, तर त्यांची गुंबरी रिकामी चालली. फिरली. पुन्हा फिरली, अगदी कॅसेटवरच्या इतकीच. आणि मग त्यांच्या सगळ्या पोरांनी एका सुरात, ठेक्यावर, गाण्याचाच भाग म्हणून खणखणीत म्हटलं, पुढचं म्हण, फराजी.

काका हसता हसता मागे वाळूत पडले. तिकडे त्यांनी तीनदा म्हटलं, तुझ्यासारखंच. मग 'आणलं कुणाला', आणि सगळं कडवं, हद्दूच्या दारापर्यंत, त्या पाटीखाली.

काल त्यांचा मालेम, गुंबरी वाजवणारा त्यांचा उस्ताद, आमच्याकडे आला होता, गुंबरीचं कातडं बघायला. सांगत होता की द्रिस त्याच्यावर खूप तापला, ते कडवं काढ म्हणाला. यानं उत्तर दिलं, "मालक, जुनं गाणं आहे, आम्ही त्यात हात घालत नाही." आणि मग मला विचारायला लागला, "मालेम, हा फराजी कोण होऊन गेला? फार जुना कुणी पीर होता का?"

मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते काढून टाकतील.

परवा त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा गुंबरी माझ्या मांडीवरच होती. टेकडीच्या अलीकडे, माझ्या शेकोटीपाशी, मलाही कुणी थांबवणारं नव्हतं. पुढचं म्हण, फराजी, असं त्यांनी म्हटलं आणि लल्ला, मी म्हटलं.

तुझा,
फराजी